लोणकढ्या तुपाचा वास

मंडळी, पूर्वरंग झाला. जिभेची दोन कामं आपण पाहिली. एक चाखणं, दुसरं बोलणं. डोळे दोन आणि काम एक, कान दोन आणि काम एक, आणि जीभ मात्र एकटी आणि तिच्या गळ्यात कामं दोन! का बरं असं? हे सांगता सांगता माझा घसा बसला. आणि तुम्ही काय केलंत? माना डोलावल्यात. बापूसाहेब तर "वा" म्हणाले. बापूसाहेब, माझं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं हो! कशाला वा म्हणालात?

असू दे. आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो, आणि कृपा करून लगेच उत्तर देऊ नका. माणूस खरं बोलूनही खोटा ठरू शकतो का?

बघा, लगेच मान हलवली! कुणी हो म्हणून, कुणी नाही म्हणून, आणि त्या खांबाजवळच्या मंडळींनी दोन्हीकडे हलवली. म्हणजे महाराज कुठेही गेले तरी आपण बरोबर. काय बोलावं तुम्हाला!

काल कीर्तन सुटल्यावर तुमचे विश्वस्त मला भेटले. म्हणाले, महाराज, फाट्यावर बिअरचं दुकान झालंय, तरणी पोरं तिकडं वळतात, तेव्हा उद्या दारूवर होऊन जाऊ द्या. होऊन जाऊ द्या! जसा काही मी झाडू मारणार आहे. अहो, दारूवर मी आजवर इतक्यांदा बोललोय की माझ्या पेटीवाल्या वामनरावांना ते तोंडपाठ आहे. मी खोकलो तर पुढचं तेच सांगतील. पण जो पितो तो कीर्तनाला येत नाही, आणि जो कीर्तनाला येतो तो पीत नाही. मग मी सांगतो कुणाला? समईला?

तेव्हा आज दारू आहे, पण दारूबंदी नाही. हसू नका. आणि अशी नाकं वर करून वास घेऊ नका, तो आत प्रसादाचा शिरा होतोय. त्या शिऱ्याकडे आपल्याला शेवटी वळायचंच आहे. तूर्त इकडं लक्ष द्या.

गोष्ट खरी आहे. ज्या बाईंनी मला सांगितली, त्यांच्यासाठी नावं बदलतो, गावही सांगत नाही. खंबाटकीचा घाट उतरलं की खाली कुठेतरी, एवढं पुरे.

तर मंडळी, ऐका. पुण्यात एक गृहस्थ होते, हेरंब शिर्के. धंदा काय? बिअर पिणं! नाही, नाही, तुम्हाला वाटतं तसं नाही. पिऊन पडणारे वेगळे. हा पिऊन लिहिणारा. हल्ली लहान लहान ठिकाणी, आपल्याकडे घरगुती लोणची करतात तशी, हाताने निगुतीने बिअर करतात. एकेक पिंप, एकेक चव. तर हा हेरंब तिथे जायचा, घोट घ्यायचा, आणि कशी आहे ते फोनवर लिहायचा. हजारो लोक वाचायचे. हेरंबने बरी म्हटली की दुकानासमोर गाड्या लावायला जागा उरायची नाही. आणि वाईट म्हटली की मालक स्वतःच पिऊन संपवायचा.

आणि घोट घेण्याची पद्धत तरी कशी! आधी ग्लास उजेडात धरायचा. मग नाक आत घालायचं. नाक! मग एवढासा घोट, तो जिभेवर इकडून तिकडे फिरवायचा, डोळे मिटायचे, गिळायचा, आणि गप्प बसायचं. मग साध्या पावाचा तुकडा, मग पाणी, मग दुसरा ग्लास. एवढा वेळ आपण नामस्मरणात डोळे मिटले असते तर!

मग तो लिहायचा. गव्हाची बिअर असली तर म्हणे पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. अरे, मग केळं खा की! दुसरी एक असते, आयपीए म्हणतात तिला, ती कडू. किती कडू? तर कारल्याची भाजी गूळ न घालता करावी तशी. आणि लोक ती आवडीने पितात. घरी बायकोने कारलं केलं तर ताट सरकवतात! तिसरी काळी, स्टाउट. तिला कॉफीचा आणि खरपूस भाजलेल्या धान्याचा वास. चौथी आंबट, तीत कोकम घालतात. म्हणजे मंडळी, आपण ज्याला सोलकढी म्हणतो, त्याच्या सोयरिकीत जाऊन बसलेत हे लोक.

मी चेष्टा करतोय, पण एक गोष्ट मान्य करतो. या हेरंबची जीभ खरी होती. माल ओळखीचा असो, अनोळखी असो, जिभेला जे लागलं तेच तो लिहायचा. एका बड्या हॉटेलवाल्याने त्याला घरी बोलावलं, चांदीच्या ताटात जेवू घातलं, शाल दिली. आणि दुसऱ्या दिवशी याने लिहिलं, बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. शाल अंगावर घेऊन लिहिलं! याला म्हणायचं जीभ. वामनराव, जरा सूर द्या. ही ओळ कुणा संताची नाही हां, माझीच आहे. चुकली तर माझ्या माथी.

चाखते ती तेच बोले, तीच रसना हो खरी।
चाखुनी जी मूक राही, ती कशाची वैखरी॥

बापूसाहेब, इथे "वा" म्हणायचं होतं. इथे गप्प बसलात!

असो. आता या हेरंबला एक थोरली बहीण. तिला तो अक्का म्हणायचा. अक्काचे यजमान सयाजी थोरवे, म्हणजे हेरंबचे दाजी. ही थोरव्यांची मंडळी कोण? तर दूधवाले. सयाजीरावांच्या वडिलांची डेअरी होती आणि त्यांचं तूप म्हणजे पंचक्रोशीत नाव. लग्नकार्य निघालं की तूप थोरव्यांचं. म्हातारबाबा स्वतः कढईपाशी बसायचे. लोणी कढताना तडतड थांबली की डोळे मिटून वास घ्यायचे आणि म्हणायचे, उतरवा. घड्याळ नाही, काही नाही. नाकावर सगळं. ते गेले, मोठ्या कंपन्यांच्या पिशव्या आल्या, आणि डेअरी बसली. सयाजीरावांच्या जिवाला ते फार लागलं होतं. बापाचं नाव आपल्या हातात येऊन विझलं, असं ते बोलायचे.

मग त्यांनी काय केलं? त्याच डेअरीच्या जागेत, जिथे दुधाच्या टाक्या होत्या तिथे, बिअरच्या टाक्या बसवल्या. रीतसर परवाना काढून. गाव हसलं. भावकीने बोलणं टाकलं. सयाजीराव म्हणायचे, दूध काय आणि हे काय, दोन्हीकडे विरजणाचा खेळ आहे. आणि ते काही खोटं नाही बरं का! जवाला मोड आणतात, भाजतात, शिजवतात, आणि त्या रसात यीस्ट घालतात. यीस्ट म्हणजे त्यांचं विरजण. पुढचं सगळं काम ते विरजण करतं.

या सयाजीरावांची एक खोड होती. ते सगळ्यांना "पाव्हणं" म्हणायचे. सोयऱ्यांना पाव्हणं, गिऱ्हाइकाला पाव्हणं, वीजबिलवाल्याला पाव्हणं. या बसा पाव्हणं, घ्या पाव्हणं. फक्त एका माणसाला कधी म्हणाले नाहीत. कुणाला? हेरंबला. मेहुणा हा खरा तर पाहुण्यांत पहिला पाहुणा. पण याला ते म्हणायचे, "हेरंबा". एकेरी, पोटच्या पोरासारखं. हे लक्षात ठेवा हां. मी उगाच काही सांगत नाही, तुम्हाला वाटत असलं तरी.

पहिलं पिंप तयार झालं. सयाजीरावांनी कुणालाही चाखू दिलं नाही. स्वतःही ग्लास भरून घेतला नाही. म्हणाले, पहिला घोट हेरंबचा. त्याची जीभ खोटं बोलत नाही. त्याने फेकून दे म्हटलं तर फेकून देईन.

ऐकलंत? फेकून देईन, म्हणाले! माणूस याहून मोकळं दार काय ठेवणार?

हेरंब आला. अंगणात बाज टाकलेली. अक्काने ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, जसा काही पोराचा निकाल आहे. सयाजीरावांनी दोन्ही हातांनी ग्लास आणून दिला. हेरंबने उजेडात धरला. रंग सुरेख, मधासारखा. फेस दाट. मग नाक आत घातलं, आणि तसंच बाहेर काढलं.

लोण्याचा वास!

आता तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं? लोण्याचा वास चांगलाच की. तेच तर! मंडळी, बिअरमध्ये लोण्याचा वास म्हणजे दोष. त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. होतं काय, की ते विरजण काम करताना वाटेत लोण्यासारखं काहीतरी सोडतं. आणि काम संपल्यावर त्याला जर निवांत राहू दिलं, तर तेच विरजण ते पुन्हा गिळून टाकतं. आपला केर आपण काढतं. पण घाई केली, आणि केर काढायच्या आत त्याला बाहेर घातलं, तर तो वास राहतो. पहिला ग्लास गोड लागतो. दुसरा चिकट. तिसरा कुणी मागत नाही.

आणि उपाय काय? होमहवन? नाही. थांबणं! थोडे दिवस जास्त थांबणं. बस! हेरंबने एवढंच म्हणायचं होतं, "दाजी, घाई झाली, पुढच्या खेपेला थोडं थांबा." एक वाक्य हो! आपण भाजीवालीला कोथिंबीर जुनी आहे म्हणून सुनावतो, रिक्षावाल्याशी भांडतो, घरी मीठ कमी पडलं तर आकाशपाताळ एक करतो. आणि इथे एक वाक्य निघत नाही!

का निघालं नाही? त्याने मान वर केली. समोर दाजींचं तोंड. बाजूला अक्का, पदर हातात घट्ट धरून. आणि ज्या माणसाने शाल पांघरून पुठ्ठ्याचा वास लिहिला, त्या माणसाच्या जिभेचं पाणी झालं. खोटं तर बोलवेना. सवय नव्हती. आणि खरं बोलवेना. मग त्याने एक मधलं वाक्य शोधलं. शहाण्या माणसांना ही मधली वाक्यं फार सापडतात. तो म्हणाला, "दाजी, लोणकढ्या तुपाचा वास येतोय."

खोटं आहे का? सांगा. शब्द न् शब्द खरा आहे. त्याला वाटलं, दाजी धंद्यात आहेत, पुस्तकं वाचलीत, त्यांना खूण पटेल. खूण! अरे, ज्याच्या बापाचं आयुष्य कढईपाशी गेलं, त्याला तू सांगतोस लोणकढ्या तुपाचा वास, आणि तो काय समजणार?

सयाजीरावांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि डोळे भरले. ते म्हणाले, "हेरंबा, म्हाताऱ्याचा हात उतरला म्हणायचा माझ्यात." आणि आत देवघराकडे वळून त्यांनी वडिलांच्या फोटोला हात जोडले.

आता, मंडळी, आता! अजूनही वेळ गेलेली नव्हती. दाजींनी चुकीचं ऐकलं, हे हेरंबला कळलं. डोळ्यांनी दिसलं. तेव्हा म्हणायचं होतं, दाजी, तसं नव्हे, ऐका. पण नाही! हा गप्प बसला. पुन्हा एक घोट घेतला आणि मान हलवली. तुम्ही मघाशी हलवलीत, तश्शी.

चिडतो मी. ही गोष्ट सांगताना दर वेळी चिडतो. अक्कांनी मला सांगितली तेव्हाही चिडलो होतो. अरे माणसा, बोल ना!

आणि बघा आपली मराठी भाषा किती खट्याळ. चांगल्या तुपाला आपण म्हणतो लोणकढं. आणि सफाईदार खोट्याला काय म्हणतो? लोणकढी थाप! एकाच कढईतून दोन्ही निघतात. त्या दिवशी हेरंब शब्दाने खरं बोलला आणि गप्प बसून त्याने लोणकढी दिली.

पुढे काय झालं? जे व्हायचं तेच. सयाजीरावांनी त्या बिअरचं नावच ठेवलं "लोणकढी". मोठी पाटी रंगवून घेतली, पाटीवर कढई काढली. लोक नावाला भुलून आले. एक ग्लास प्याले, छान म्हणाले आणि गेले. परत आले का? नाही. सयाजीरावांना कळेना. सगळे छान म्हणतात आणि परत कुणी का येत नाही? विचारलं तर म्हणायचे, नाही नाही, छानच आहे, जरा कामात होतो. मग सयाजीरावांना वाटलं, तुपाचा वास कमी पडत असेल. म्हणून त्यांनी त्या विरजणाला आणखी लवकर बाहेर काढायला सुरुवात केली! म्हणजे दुखणं होतं तेच औषध म्हणून चाटवलं.

हेरंबला हे धंद्यातल्या लोकांकडून कळत होतं. अक्काचा फोन यायचा. तो विचारायचा, कसं चाललंय? अक्का म्हणायची, बरं चाललंय. ही त्याला खोटं सांगायची, कारण माहेरच्या माणसाला काळजी नको. आणि तो तिच्यापासून खरं लपवायचा, कारण बहिणीला दुःख नको. काय हे प्रेम! दोन्हीकडून नुसता मध आणि मधे माणूस बुडतोय. दर वेळी हेरंब ठरवायचा, पुढच्या वेळी बोलू. आणि दिवस जातील तसं बोलणं जड होत गेलं. कारण आता नुसता दोष सांगून भागणार नव्हतं, इतके दिवस का सांगितला नाही तेही सांगावं लागणार होतं.

मग पुण्यात बिअरची स्पर्धा भरली. मोठा मांडव. हेरंब परीक्षकांत. त्यांची रीत अशी, की ग्लासावर नाव नाही. कुणाची बिअर ते परीक्षकाला कळू द्यायचं नाही. कापडी पडद्याआड परीक्षक बसतात, पुढ्यात ग्लास येतात, ते बोलतात आणि गुण देतात. आणि इकडे सयाजीरावांनी, हेरंबला चकित करायचं म्हणून, त्याला न सांगता आपलं नाव घातलं. त्यांना वाटलं, ज्याने पहिल्या घोटात बापाचं तूप ओळखलं, त्याच्याच समोर बक्षीस घ्यावं. ते आणि अक्का दोघं त्या पडद्याच्या अलीकडे उभे होते.

ग्लास येत गेले. गव्हाची आली, काळी आली, आंबट आली. हेरंब सटासट सांगत होता. मग एक ग्लास आला. मधासारखा रंग, दाट फेस. त्याने नाक आत घातलं आणि ओळखलं. घरचंच भांडं ते, कसं ओळखणार नाही?

मुख्य परीक्षक बाई होत्या, कडक. त्यांनी विचारलं, "बोला शिर्के."

आणि मंडळी, समोर दाजींचं तोंड नव्हतं. अक्काचा पदर नव्हता. नुसता ग्लास होता. जीभ मोकळी झाली. हेरंब म्हणाला, "लोण्याचा वास आहे. उघड दोष आहे. करणाऱ्याला थांबायचा धीर नाही, किंवा त्याला सांगणारं कुणी नाही. बाद करा."

किंवा त्याला सांगणारं कुणी नाही! स्वतःच्या तोंडाने बोलला हो!

कापडाचा पडदा तो. आवाज अडवतो थोडाच? हेरंब उठून बाहेर आला तर समोर दोघं उभी. अक्का रडत नव्हती. ती नुसती बघत होती, जसं आपण चुकीच्या घरात शिरल्यावर बघतो.

हेरंब घाईघाईने म्हणाला, की दाजी, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लोणकढ्या तुपाचा वास येतोय म्हणून. हेच तर सांगितलं होतं!

सयाजीराव आवाज न चढवता म्हणाले, "सांगितलंस. शब्द तेच होते. पण मी हसलो, ते बघितलंस ना तू?"

हेरंबने मान खाली घातली.

"कौतुक करणारे मला गावभर होते, हेरंबा. मला तुझी जीभ पाहिजे होती." एवढं बोलून ते वळले. अक्का त्यांच्या मागून गेली.

मंडळी, मी विचारलं होतं, खरं बोलूनही माणूस खोटा ठरतो का? मिळालं उत्तर? आपण बोलतो ते खरं असून भागत नाही. समोरच्याच्या पदरात काय पडलं, ते बघावं लागतं. त्याने दगडाला बत्तासा समजून तोंडात घातलं आणि तुम्ही बघत राहिलात, तर मी दगडच दिला होता असं म्हणून सुटका नाही.

बापूसाहेब, अजून संपलं नाही. हात खाली घ्या.

सयाजीरावांनी त्या दिवशी घरी जाऊन सगळ्या टाक्या मोकळ्या केल्या. पाटी उतरवली. आणि मग ते थांबायला शिकले. विरजणाला निवांत राहू दिलं. आता पहिला घोट कुणाचा? अक्कांचा! ज्या बाईने जन्मात दारूला हात लावला नव्हता, ती बोटाने टिपून जिभेला लावायची आणि धडाधड बोलायची. हे कडवट आहे. हे पाणचट आहे. याने घसा कोरडा पडतो. नवऱ्याचं तोंड उतरलं तरी बोलायची. सयाजीराव चिडायचे, रुसायचे, आणि पुन्हा करायचे. असं करता करता माल जमला. माणसं परत यायला लागली.

भाऊबीज आली. हेरंब जावं की न जावं करत अखेर गेला. अक्काने पाट मांडला, ओवाळलं, करंज्या वाढल्या. कुठे काही कमी नाही. मग सयाजीराव आतून ट्रे घेऊन आले. शेजारचे दोघे-तिघे बसले होते, सगळ्यांना ग्लास दिले. शेवटी हेरंबपुढे आले, वाकले, आणि म्हणाले, "घ्या पाव्हणं."

कळलं? कळलं का तुम्हाला काय झालं ते? शिवी दिली नाही, दार लावलं नाही, पंक्तीतून उठवलं नाही. फक्त पाव्हणं म्हणाले. "हेरंबा" संपलं होतं.

हेरंबने ग्लास घेतला. उजेडात धरला, नाक आत घातलं. लोण्याचा मागमूस नाही. घोट घेतला, जिभेवर फिरवला. आणि खरोखर, अगदी खरोखर, इतकी नितळ बिअर त्याने कधी चाखली नव्हती. तो म्हणाला, "दाजी, फार छान झालीय."

सयाजीराव हसले. आपण पाहुण्यांशी हसतो, तसं. म्हणाले, "बरं वाटलं पाव्हणं." आणि दुसऱ्या माणसाकडे वळले.

पहिल्या दिवशी खरं बोलला, ते थापेसारखं पोचलं. आज खरं बोलला, ते पोचलंच नाही. हेरंब अक्काकडे बघून म्हणाला, "अक्का, मनापासून म्हणतोय गं." अक्काने त्याच्या पानात आणखी एक करंजी ठेवली आणि म्हणाली, "हो रे. पाहुण्याने छानच म्हणायचं असतं."

झालं. आख्यान संपलं. आता तुम्ही मनात म्हणाल, काय तो हेरंब! म्हणाल ना? आता वळू या शिऱ्याकडे.

सप्ताह सुरू झाल्यापासून तुमचा प्रसादाचा शिरा करपत होता. खाली का बघता? करपत होता. मी परवा इथे आलो तो उशिरा पोचलो, शिरा संपला होता. काल खाल्ला. घास तोंडात घातला आणि इकडे तिकडे बघितलं. सगळे खात होते. कुणी मुलाच्या हातावर ठेवत होतं, कुणी द्रोण हळूच खांबामागे सारत होतं. आणि मनोरमाकाकू, ज्या गेली कित्येक वर्षं या देवळात चुलीपाशी उभ्या आहेत, त्या दारात येऊन विचारत होत्या, बरा झालाय ना हो? आणि तुम्ही सगळे, एकजात सगळे, काय म्हणालात? छान!

मी आत गेलो आणि काकूंना म्हटलं, काकू, शिरा खाली लागतोय. नवीन पातेल्याचं बूड पातळ आहे, आच कमी करा.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, लागलं वाटतं म्हातारीला. तर त्या मटकन पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "महाराज, मला वास येत होता हो. रोज येत होता. पण ज्याला विचारावं तो छान म्हणे. मला वाटलं, माझंच नाक गेलं. वय झालं माझं. सप्ताह संपला की चूल सोडते म्हणून सुनेला सांगून आले मी."

ऐकलंत? तुमच्या एका छानपायी त्या बाईचा स्वतःच्या नाकावरचा भरवसा उडाला! तुम्हाला वाटलं, आपण तिचं मन राखलं. मन राखलं!

आज बघा वास कसा येतोय. वेलदोडा कळतोय, तूप कळतंय, करपल्याचा लवलेश नाही. आता कीर्तन सुटेल, तुम्ही द्रोण हातात घ्याल, घास घ्याल, तो खरंच चांगला असेल. तुम्ही दारापाशी जाल आणि मनापासून म्हणाल, काकू, शिरा छान झालाय. आणि त्या तुमच्याकडे बघून हसतील. कशा हसतील, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा तेवढंच बोलून परत फिरू नका. आधी कालचं सांगा. काल करपला होता काकू, आम्ही बोललो नाही, चुकलं. आणि मग आजचं सांगा.

वामनराव, सूर धरा. मंडळी, हात जोडा. या नारायणापुढे आपण नैवेद्य न चाखता ठेवतो. कसा झालाय ते त्या एकट्याला कळतं, आणि तो कधीही बोलत नाही. त्याला ते शोभतं, तो देव आहे. आपल्याला बोलावं लागतं.